मेथीच्या जुडीमागचं इंजेक्शन

पत्र थोडक्यात: वय ३१, लग्नाला चार वर्षं. घर निफाड तालुक्यात, एकत्र कुटुंब, घरची द्राक्षबाग. पत्रलेखिका रोज बसने नाशिकला नोकरीला येते, मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात भट्टी विभागात आहेत. तिला पीसीओडी आहे, म्हणजे बीजकोशात छोट्या पिशव्या साठून राहतात. बीज वाढवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या पाच महिने घेतल्या. सोनोग्राफीत बीज फुटलेलं दिसत होतं, पण दिवस राहिले नाहीत. आता डॉक्टरांनी पुढच्या पाळीपासून हार्मोनची इंजेक्शनं आणि आययूआय (शुक्रजंतू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) सुचवलं आहे. पहिल्या तीन दिवसांची इंजेक्शनं तिने आणूनही ठेवली आहेत: फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये, मेथीच्या जुडीमागे, एका स्टीलच्या डब्यात. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. शेजारच्या सुनेला उपचारांनी जुळी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "जीए देऊन फुगवलेले मणी ते." (जीए म्हणजे द्राक्षाचे मणी वाढवायचं संजीवक.) जाऊबाई म्हणतात, या इंजेक्शनांनी बीजं लवकर संपतात आणि पुढे कॅन्सर होतो. खर्चासाठी माहेरच्या पाटल्या मोडायचा विचार आहे. मिस्टरांची तपासणी झालेली नाही, कारण "ते जिमला जातात, तब्येत उत्तम आहे." ती विचारते: ताई, ही इंजेक्शनं घेऊ का? शरीराची वाट लागणार नाही ना? आणि घरच्यांपासून हे दोन आठवडे लपवू कसं?

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारली आहे. सोनोग्राफीत बीज फुटलेलं दिसत होतं, हे ते वाक्य. तू ते ओघात लिहून पुढे गेलीस, पण मला वाटतं तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

पीसीओडीत बहुतेकींची अडचण अशी असते की बीज नीट वाढत नाही, किंवा वाढलं तरी फुटत नाही. गोळ्या देतात त्या यासाठी. गोळ्यांनीही बीज तयार होत नसेल तर पुढची पायरी म्हणून इंजेक्शनं येतात. तुझ्या बाबतीत बीज तयार होत होतं आणि फुटतही होतं, एकदा नव्हे, पाच महिने. म्हणजे गोळ्यांनी आपलं काम केलं. मग "गोळ्या फेल गेल्या, आता इंजेक्शन" असं जे तू लिहितेस, ते पुन्हा एकदा तपासून पाहा. बीज बाहेर पडतंय आणि तरी दिवस राहत नाहीत, तर आधी दोन ठिकाणी पाहावं लागतं: तुझ्या नळ्या मोकळ्या आहेत का, आणि मिस्टरांचे शुक्रजंतू कसे आहेत. पत्रात दोन्हींपैकी एकाचाही रिपोर्ट नाही. इंजेक्शनांनी एकाच्या जागी दोन-तीन बीजं तयार होतात, त्यामुळे संधी थोडी वाढते हे खरं. पण नळ्याच बंद असतील तर बीजं दोन असोत की चार, ती जाणार कुठून?

नळ्यांच्या तपासणीला एचएसजी म्हणतात. गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात, काही मिनिटांचं काम. पाळीत दुखतं तसं दुखतं, कुणाला जरा जास्त. आपल्याकडे ही तपासणी टाळू नये याचं एक खास कारण आहे, ते म्हणजे टीबी. गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी खोकला-ताप काहीही न दाखवता आत बसून राहू शकतो आणि नळ्या बंद करू शकतो.

आता मिस्टर. जिमला जाणारा माणूस धडधाकट असतो, पण त्यावरून त्याच्या शुक्रजंतूंबद्दल काहीच कळत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत असतं. आणि तपासणी किती सोपी! दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि लॅबमध्ये नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही, उपाशी राहणं नाही. एक रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात, एकावर निकाल देत नाहीत. चार वर्षांत तुझ्या किती सोनोग्राफ्या झाल्या ते मोज आणि त्यांचा हा एक नमुना त्याच्या शेजारी ठेव. मला राग त्यांचा येत नाही. आपण सगळ्यांनीच हा विषय बाईचा म्हणून ठरवून टाकलाय, त्याचा येतो.

एक गोष्ट त्यांना तुम्ही दोघंच असताना, शांतपणे विचार. जिममधल्या कुणी सांगितलं म्हणून ते टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा शरीर कमावण्याचं दुसरं काही घेतात का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, आणि वृषणांना जाणारे संदेश बंद होतात. शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. दंड भरतात आणि वीर्य रिकामं होतं, हे किती तरुणांना माहीतच नसतं. भट्टीजवळची उष्णताही शुक्रजंतूंना मानवत नाही. नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात, म्हणून यातलं काही सुधारायचं असेल तर आजच सुरुवात करावी लागते, फळ तीन महिन्यांनी दिसतं.

म्हणून इंजेक्शनं घेऊ का, याला माझं उत्तर असं: या पाळीला नको. आधी हे दोन रिपोर्ट. ३१ व्या वर्षी एक-दोन महिने थांबल्याने तुझं काही हातचं जात नाही. तू ३७-३८ ची असतीस तर मी इतक्या सहज थांब म्हटलं नसतं, तेव्हा तपासण्या आणि उपचार बरोबरीने पळवावे लागतात. हे वाचणाऱ्या कुणी पस्तिशीपुढच्या असतील तर त्यांनी वर्षभर वाट पाहू नये, सहा महिन्यांतच डॉक्टर गाठावा. तुझे डॉक्टर चुकीचे आहेत असंही मी म्हणत नाहीये. त्यांच्या मनात काही कारण असेल, ते त्यांनी तुला सांगितलं नसेल. सरळ विचार: "डॉक्टर, बीज फुटत होतं, मग इंजेक्शन कशासाठी? आधी नळ्या आणि यांचा रिपोर्ट पाहायचा का?" याचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं मत घे. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आता तुझी भीती. सासूबाईंचं ते जीएचं वाक्य तुझ्या मनात रुतलंय, हे पत्रात दिसतं. द्राक्षाच्या घरात ही उपमा सुचणारच. घड जीएच्या पाण्यात बुडवले की मणी लांबतो, फुगतो. पण बागेतला माणूस हेही जाणतो की जीए काही परकं विष नाही, वेल स्वतःही ते तयार करते. आपण वेळ आणि मात्रा पाहून वरून थोडं देतो. इंजेक्शनातलं हार्मोनही तुझ्या शरीराला परकं नाही. एफएसएच त्याचं नाव. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे, ती दर महिन्याला ते सोडते आणि त्यानेच बीजाची पिशवी वाढते. डॉक्टर त्याची मात्रा थोडी वाढवतात, इतकंच. मात्र बाळाला ते "फुगवत" नाही. त्याचं काम बीज पिकेपर्यंतचं, तिथे उपमा संपते.

हे औषध पहिल्यांदा आलं कुठून, ते सासूबाईंनाही सांगण्यासारखं आहे. पाळी गेलेल्या बाईची बीजकोशं दाद देत नाहीत, म्हणून पिट्युटरी जास्तच जोर लावते आणि हे हार्मोन लघवीतून भरपूर बाहेर पडतं. १९५० नंतरच्या दशकात इटलीत शास्त्रज्ञांनी मठांमधल्या वयस्कर ख्रिस्ती जोगिणींची लघवी गोळा करून त्यातून ते वेगळं काढलं. त्या औषधानंतरचं पहिलं बाळ १९६२ मध्ये इस्रायलमध्ये जन्मलं. ज्यांनी स्वतः कधी मूल मागितलं नाही अशा म्हाताऱ्या बायकांमुळे कुणाची तरी कूस उजवली, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. आपल्याकडे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्ये भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं, तेव्हा त्यांनी बीजं वाढवायला याच जातीची इंजेक्शनं वापरली होती. १९९० नंतरच्या दशकात हे हार्मोन प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेता येऊ लागलं. बाजारात आज दोन्ही प्रकार मिळतात. प्रयोगशाळेतलं महाग असतं. महाग म्हणजे जास्त गुणाचं, असं समजू नकोस.

जाऊबाईंचं म्हणणं, बीजं लवकर संपतात. तसं होत नाही. दर महिन्याला तुझ्या बीजकोशात बऱ्याच पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते आणि बाकीच्या तिथेच सुकतात. इंजेक्शन त्या सुकणाऱ्यांपैकी एक-दोन वाचवतं, पुढच्या वर्षाच्या साठ्याला हात लावत नाही. पाळी यामुळे लवकर जात नाही. कॅन्सरचं म्हणशील तर अनेक वर्षांच्या अभ्यासांतून या इंजेक्शनांशी त्याचा पक्का संबंध सिद्ध झालेला नाही. घरात आई, बहीण, मावशी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांग.

धोके आहेत, पण ते वेगळे, आणि पीसीओडीवालीला जास्त लागू होणारे. तुझ्या बीजकोशात छोट्या पिशव्या आधीच पुष्कळ आहेत. थोडंसं औषध जास्त झालं की त्यातल्या पाच-सात एकदम वाढू शकतात. मग जुळं, तिळं. शेजारच्या जुळ्यांचं कौतुक होतं, पण जुळ्यांत मुलं दिवस भरण्याआधी होण्याचा आणि आईचा रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. म्हणून पीसीओडीत मात्रा अगदी कमी ठेवून, बहुधा ७५ युनिट किंवा त्याहूनही कमी, हळूहळू वाढवतात आणि दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करतात. दोन-तीनपेक्षा जास्त पिशव्या पिकल्या तर चांगले डॉक्टर तो महिना सोडून देतात, आणि त्या महिन्यात संबंधही टाळायला किंवा निरोध वापरायला सांगतात. पैसे गेले म्हणून जीव हळहळतो, पण अशा वेळी "जाऊ द्या ना डॉक्टर, करूनच टाका" असं म्हणू नकोस.

दुसरा धोका म्हणजे बीजकोश सुजून पोटात पाणी होणं. पिशवी साधारण १८ मिलिमीटरची झाली की ती फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन देतात, त्याला सगळे "ट्रिगर" म्हणतात. त्यानंतरच्या काही दिवसांत हा त्रास सुरू होऊ शकतो. थोडं पोट जड वाटणं नेहमीचं आहे. पण पोट ताणून फुगलं, दिवसात किलोभर वजन वाढलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, दम लागू लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी स्वतः ही इंजेक्शनं चौतिसाव्या वर्षी घेतली. आम्ही तेव्हा सिन्नरला होतो. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ट्रिगरनंतर चौथ्या दिवशी रात्री पोट नगाऱ्यासारखं झालं, उलट्या सुरू झाल्या. नवरा रात्रपाळीला. सासरे दारात येऊन विचारत होते काय खाल्लंस, आणि मी म्हणत होते शिळी उसळ बाधली असेल. सासूबाईंनी ओव्याचं पाणी करून दिलं. ते पीत पहाटेपर्यंत पडून राहिले. दवाखान्यात गेल्यावर कळलं, पोटात पाणी झालंय. पाच दिवस सलाईनवर होते. डॉक्टरांनी सगळी लक्षणं आधी नीट सांगितली होती. ती माहीत असलेली घरात मी एकटीच होते, आणि मीच तोंड दाबून पडले होते.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. लपवावं कसं, हे मला सांगायचं नाहीये. त्या औषधापेक्षा मला या लपवाछपवीची जास्त भीती वाटते. विचार करून पाहा, दहा-बारा दिवसांत चार-पाच सोनोग्राफ्या, दर वेळी ऑफिसमधून लवकर निघणं, दर वेळी नवं कारण. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी न्हाणीघरात कडी लावून पोटात सुई. लाइट गेले की फ्रिजची काळजी. आणि रात्री दोनला काही झालं तर गावातून नाशिकपर्यंतचा रस्ता, ज्यावर तुला घेऊन जाणाऱ्याला काय सांगायचं तेच ठाऊक नाही.

सगळ्या गावाला सांग असं मी म्हणत नाही. नणंदा, चुलत सासवा, भिशीतल्या बायका, यांना कळायचं काही कारण नाही. खासगी ठेवणं आणि चोरून करणं यात फरक आहे, तो तुलाही जाणवत असेल. घरातल्या एका मोठ्या माणसाला माहीत हवं. दवाखान्याचा फोन नंबर त्याच्याकडे हवा, वर लिहिलेली लक्षणं त्याला पाठ हवीत. ते माणूस सासूबाई असाव्यात असं मला वाटतं, कारण तू त्यांना जितकं कठोर समजतेस तितक्या त्या पत्रात मला दिसल्या नाहीत. तूच लिहिलंस की तुझ्यासाठी त्यांनी वणीला नवस बोललाय. जी बाई तुझ्यासाठी गड चढायला तयार आहे, तिला गोष्ट नीट सांगितली तर ऐकेल. जीएचं वाक्य त्या शेजारणीबद्दल बोलल्या. तुझ्याबद्दल त्यांना काही माहीतच नाही.

सांगायचं ते मिस्टरांनी, तू नव्हे. आई त्यांची आहे. आणि वाक्यात "आम्ही दोघं" असावं: "आई, आम्ही दोघांनी नाशिकला तपासण्या केल्या, दोघांचे उपचार चालू आहेत." त्यांचा रिपोर्ट आधी आणायला सांगतेय त्याचं हेही एक कारण. नुसतं "हिला इंजेक्शनं चालू आहेत" असं कानावर गेलं की दोष तुझ्या पदरात पडणार, पुढची वीस वर्षं. सासूबाईंशी खरंच नाही जमलं, किंवा सांगितल्यावर जाच होईल अशी तुझी खात्री असेल, तर ट्रिगरनंतरचे आठ-दहा दिवस माहेरी जा. आईला सगळं सांगून जा. अशी परिस्थिती ज्या ज्या वाचकांची आहे त्यांनाही हेच.

पाटल्या आत्ता मोडू नकोस. रिपोर्ट हातात येण्याआधी तर नाहीच. दवाखान्यातून एका सायकलचा, म्हणजे एका महिन्याच्या उपचारांचा, पूर्ण अंदाज लिहून घे: इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, ट्रिगर, आययूआय, सगळं धरून. बहुतेक आरोग्य विम्यांत हे उपचार वगळलेले असतात, तरी मिस्टरांच्या कंपनीच्या गटविम्यात काही आहे का ते विचारून ठेव. आणि दोघांनी बसून आधीच ठरवा की किती वेळा करायचं. एका आययूआयला यश येण्यापेक्षा न येण्याचीच शक्यता जास्त असते. साधारण तीनदा करून पाहतात आणि मग थांबून फेरविचार करतात. हा आकडा आज ठरवलात तर निभावतो. प्रत्येक पाळीच्या दिवशी रडत ठरवायला गेलात तर "आणखी एकदा, आणखी एकदा" करत घर पोखरतं, ते मी जवळून पाहिलंय.

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून द्वारकेपर्यंत या उपचारांच्या पाट्या पुष्कळ आहेत. २०२१ चा एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, त्यानुसार आययूआय करणाऱ्या दवाखान्यालाही नोंदणी लागते. भिंतीवर प्रमाणपत्र शोध, दिसलं नाही तर माग. समुपदेशन हाही त्या कायद्याने तुम्हा दोघांना दिलेला हक्क आहे.

बाकी काही बारीकसारीक. फॉलिक अॅसिडची गोळी आत्तापासूनच चालू कर, डॉक्टरांना विचारून. वजन जास्त असेल तर थांबण्याच्या या दोन महिन्यांत ते पाच टक्के जरी उतरलं तरी पीसीओडीत फरक पडतो, कधी पाळी आपसूक मार्गावर येते. कुणी पुड्या दिल्या असतील, गुण येतो म्हणून, तर त्यात काय आहे ते कळल्याशिवाय घेऊ नकोस, आणि घेतल्या असतील तर डॉक्टरांपासून लपवू नकोस. सुई टोचायला नर्सकडून समोर बसून शीक. बेंबीपासून दोन बोटं सोडून, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात परत दे, घंटागाडीत टाकू नकोस, कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला लागतात.

आणि हे फार महत्त्वाचं: ट्रिगरमधलं एचसीजी हेच प्रेग्नन्सी किटवर दिसणारं हार्मोन आहे. ते शरीरात दहा-बारा दिवस राहू शकतं. आठव्या दिवशी घाईने तपासलंस तर दोन रेघा दिसू शकतात आणि त्या खोट्या असू शकतात. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपर्यंत किट घरात आणूच नकोस.

तू आणलेली तीन इंजेक्शनं दोन महिने थांबलीस तरी वाया जाणार नाहीत, खोक्यावरची तारीख बघून घे. कुठे ठेवायची तेही तिथेच लिहिलेलं असतं. पेनची इंजेक्शनं २ ते ८ अंशांत लागतात, काही पावडरची कुपी २५ अंशांखाली चालते. एकदा गोठलेलं औषध वापरायचं नाही. भाजीच्या ट्रेमध्ये ओल असते, दाराच्या कप्प्यात फ्रिज उघडला की गरम हवा लागते, मागच्या भिंतीला बर्फ धरतो. मिस्टर आईशी बोलले की तो स्टीलचा डबा मेथीमागून काढ आणि मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेव.